तळहातावरचं पाहणं

बसवकल्याणहून आल्यापासून वसतिगृहातल्या मुली मला विचारतात, "तिकडे पाहण्यासारखं काय आहे गं?" किल्ला आहे, मोठं जुनं तळं आहे, शरणांच्या, म्हणजे लिंगायत संतांच्या, काळातल्या गुहा आहेत, असं मी सांगते. पण मी गेले होते ते माणसं पाहतात कशी हे विचारायला, आणि हे वाक्य बोलायला लागले की माझीच जीभ अडखळते. म्हणून लिहून पाहते. कदाचित जमेल.

मी तत्त्वज्ञानात एम.ए. करते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. जुन्नरजवळच्या आमच्या गावात कुणी "हे शिकून काय होतं?" असं विचारलं की मी आईच्या डोकेदुखीपासून सुरुवात करते. आईचं अर्धं डोकं वर्षानुवर्षं दुखतं. एकदा तिला मोठ्या दवाखान्यात नेऊन सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, "काही नाही, सगळं नॉर्मल आहे." त्याच वेळी आई समोरच्या खुर्चीत डोकं दाबून बसली होती. यंत्राला काही दिसत नव्हतं आणि तिला तर दुखत होतं. विज्ञान बाहेरून मोजतं. आत जे जाणवतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. मग त्या माणसाच्या सांगण्याला पुरावा म्हणायचं की नाही? माझ्या प्रबंधिकेचा विषय हाच आहे.

"विषय चांगला आहे, पण हवेत आहे," आमचे मार्गदर्शक सर म्हणाले. "पुस्तकातून पुस्तक काढू नकोस. रोज स्वतःच्या आत लक्ष देऊन बसणारी माणसं शोध. त्यांना विचार. त्यांची साक्ष कितपत टिकते ते समितीला दाखव. नाहीतर यादीतला दुसरा विषय घे."

समितीपुढे विषय मांडायचा होता जानेवारीत. घरी माझं आणि वडिलांचं ठरलं होतं की विषय मंजूर झाला तर पुढे शिकायचं, नाहीतर बी.एड. करून नोकरीला लागायचं. वडील हे रागाने बोलले नव्हते. मुलगी मार्गी लागावी एवढंच त्यांना वाटत होतं. त्यामुळे मला त्यांच्याशी भांडताही येत नव्हतं.

माझ्या खोलीत शिवलीला राहते, रसायनशास्त्राची, मूळची बसवकल्याणची. एके दिवशी ती सहज म्हणाली, "आमच्या घरी सगळे रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन एकटक बघत बसतात. त्यांना विचार की." मार्गशीर्षातली अमावस्या जवळ आली होती आणि त्या सणाला ती घरी निघालीच होती. मी तिच्याबरोबर निघाले.

बसवकल्याण

उमरगा मागे पडलं आणि थोड्याच वेळात दुकानांच्या पाट्या कानडी झाल्या. गोल गोल, देखणी अक्षरं, पण मला एकही वाचता येईना. बँकेत गेल्यावर आईला कसं वाटत असेल, हे मला बसच्या खिडकीत बसून पहिल्यांदा कळलं. कानाला मात्र परकं वाटत नव्हतं. स्टँडवर एका बाईने कलबुर्गीची बस कुठे लागते हे कानडीत विचारलं, फळवाल्याशी दखनीत घासाघीस केली आणि मागे रेंगाळणाऱ्या मुलीला मराठीत दम दिला, "चल की गं, बस जायलीय!" आमच्याकडे एखाद्याला इंग्रजी आलं की त्याची मान ताठ होते. इथे तीन भाषा येणारी बाई ताठ मानेने नव्हे, घाईने चालली होती.

शिवलीलाच्या वडिलांना सगळे अप्पा म्हणतात. त्यांचं धान्याच्या अडतीचं दुकान आहे. दारातच त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. "या, या. पुण्याचं मानूस आलंय, पानी आना." घरात शिवलीलाची आई, म्हणजे अव्वा, आणि अप्पांची थोरली बहीण. तिला लहानथोर सगळेच अक्का म्हणतात. अक्का विधवा आहेत, लेकीला चिंताकीला दिलंय, आणि त्या भावाच्या घराचा कारभार जिभेवर चालवतात.

पहिल्याच जेवणात मी फजिती करून घेतली. आमच्याकडे बाजरीची भाकरी मऊ असते, दुमडून खायची. इथे ज्वारीची कडक भाकरी होती, पापडासारखी पातळ, कितीतरी दिवस टिकणारी. सोबत भरल्या वांग्याची एण्णेगाई, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. मी सवयीने भाकरी दुमडली आणि ती फाडकन फुटून तिचा तुकडा अक्कांच्या ताटात जाऊन पडला.

"पुन्याला भाकरीची घडी घालून कपाटात ठेवत्यात वाटतं," अक्का म्हणाल्या. अव्वांनी हसू दाबत मला नवी भाकरी दिली. ती कशी मोडायची आणि एण्णेगाईच्या रश्शात कशी भिजवायची हे शिवलीलाने दाखवलं. भिजलेली कडक भाकरी खाल्ल्यावर मला वाटलं, आपण आजवर भाकरीच्या बाबतीत फार एकमार्गी राहिलो.

त्याच जेवणात मी सगळ्यांना माझं काम समजावून सांगितलं. इष्टलिंगाकडे पाहताना आत काय काय होतं, हे मी एकेकाला वेगळं बसवून विचारणार होते. अप्पांनी नीट ऐकून घेतलं.

"अन् सगळ्यांचं सांगनं जुळलं तर?" त्यांनी विचारलं.

"जुळलं तर फार मोठी गोष्ट होईल, अप्पा. माझा विषय उभा राहील."

"आन् न्हाई जुळलं तर?"

"मग समिती म्हणेल, प्रत्येकाचं मनाचं काहीतरी. विषय पडेल. मग मी बी.एड.ला."

अप्पांनी मान हलवली आणि मला अजून थोडी चटणी वाढायला सांगितलं.

सकाळी उठले तर देवघरासमोरच्या खोलीत ते सगळे अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून बसले होते. प्रत्येकाने गळ्यातल्या चांदीच्या डबीतून आपलं इष्टलिंग काढलं. छोटं, काळं, गुळगुळीत, चकाकणारं. ते डाव्या तळहातावर ठेवलं, हात छातीसमोर आणला आणि पाहायला सुरुवात केली. मी उंबऱ्याबाहेर बसले होते. आमच्याकडे देव समोर असतो आणि माणसं त्याच्या दिशेने तोंड करून बसतात. इथे प्रत्येकाचा देव त्याच्या हातात होता, एका खोलीत एवढी माणसं बसूनही प्रत्येकजण एकटा होता, आणि तरी ती सगळी एकत्रच होती. रस्त्यावरून एक रिक्षा भोंगा वाजवत गेली. कुणाची पापणी हलली नाही. मला त्यांचा हेवा वाटला. माझं लक्ष तर तोवर रिक्षामागे चौकापर्यंत जाऊन आलं होतं.

नाश्त्यानंतर मी मागच्या खोलीत एकेकाला बोलावलं. प्रश्न सगळ्यांना एकच, त्याच शब्दांत, आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू. अप्पा म्हणाले, आधी हात जड होतो, मग लिंगाच्या कडा पुसट होतात, मग श्वास संथ होतो आणि शेवटी "आतून कंदील लावल्यावानी उजेड दिसतो." अव्वा आल्या. त्यांनीही हात, कडा, श्वास आणि कंदील सांगितला. शेजारचे एक काका आले, नात्यातलेच. त्यांचाही कंदील लागला. फक्त अक्का म्हणाल्या, "मला इचारू नको. मला भाकऱ्या हायत." आणि निघून गेल्या.

माझा आनंद गगनात मावेना. वेगवेगळी माणसं, बंद दार, आणि एकाच क्रमाने एकच अनुभव! दुपारी शिवलीलाने मला किल्ला दाखवला. भक्कम बुरूज, दगडात कोरलेली मोठमोठी दारं, वर चढल्यावर लांबवर पसरलेली शेतं. मग अनुभव मंटपाकडे गेलो. जिथे कधीकाळी सगळ्या जातींची, सगळ्या धंद्यांची माणसं एकत्र बसून आपापला अनुभव मांडत आणि त्यावर वाद घालत, त्या गावात आपण आलोय, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला. अनुभव एकट्याचा असतो हे खरं, पण तो चारचौघांत मांडून तपासता येतो, हे इथल्या लोकांना आठशे वर्षांपूर्वी सुचलं होतं. मी तिथूनच सरांना फोन लावला.

"सर, सगळे एकच सांगतायत. अगदी एकसारखं!"

सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दोन घड्याळं एकच वेळ दाखवत असतील तर एवढं विचारावं, की एक दुसऱ्यावरून लावलेलं नाही ना?"

मला राग आला. सर पुण्यात बसून बोलतायत, त्यांनी ही माणसं पाहिलेली नाहीत, असं मी शिवलीलाला म्हटलं. ती बुटाची लेस बांधत राहिली.

हुलसूर

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी हुलसूरला अप्पांच्या धाकट्या भावाकडे, शिवलीलाच्या काकांकडे गेलो. सरहद्दीलगतचं गाव, हल्लीच तालुका झालेलं, त्यामुळे जुन्या बाजारपेठेला लागून नव्या कचेऱ्यांच्या पाट्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर शेंगांनी वाकलेली. काकांनी सुशीला केला होता, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी. आमच्याकडे चुरमुरे म्हणजे भेळ. ते कुणी भिजवतं हेच मला माहीत नव्हतं. मी दोनदा मागून घेतला.

मग काकांना विचारलं. हात जड झाला, कडा पुसट झाल्या, श्वास संथ झाला, कंदील लागला.

मग त्यांची सून राजेश्वरी आली. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल, हसरी, बोलकी. तिनेही हात, कडा, श्वास सांगितला, आणि शेवटी म्हणाली, "आतून कंदील लावल्यावानी."

तिचं माहेर बिदर शहरात. मी विचारलं, "वहिनी, तुम्ही कंदील कधी लावला होता?"

"कंदील?" ती हसायला लागली. "मी कशाला लावायलेय! आमच्याकडं इन्व्हर्टर हाय."

"मग कंदिलासारखं कसं कळलं?"

तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमी रागावनार न्हाई न्हवं? मामंजींनी सांगितलं, असंच म्हनायचं मनून. बसवकल्यानहून अप्पांचा फोन आलता. म्हनले, पोरीच्या शिक्षनाचा सवाल हाय, सगळ्यांनी एकसारखं सांगा. कुनी चुकायचं न्हाई. मी तर पाठ केलेय."

बाहेर ओसरीवर काका कुणाला तरी अभिमानाने सांगत होते की पुण्याची पोरगी आमच्यावर पुस्तक लिहायलीय. मी रेकॉर्डिंग बंद केलं. शिवलीला म्हणाली, "मला परवा रात्रीच माहीत होतं गं. पण अप्पांनी इतक्या मनापासून केलं... तुला कसं सांगू कळेना." परतीच्या बसमध्ये मी बाहेर तुरीकडे बघत होते आणि डोळ्यांपुढे बी.एड.चा फॉर्म दिसत होता.

अडतीवर

मी रडवेले डोळे घेऊन थेट अप्पांच्या दुकानात गेले. अप्पा गादीवर होते. समोर सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी. एक टोकदार, पोकळ लोखंडी नळी ते पोत्यात खुपसत, फिरवून बाहेर काढत आणि नळीतले दाणे तळहातावर घेऊन निरखत. मग पुढचं पोतं.

"अप्पा, तुम्ही सगळ्यांना फोन करून सांगितलंत?"

"केलो की," ते सहज म्हणाले. "हुलसूरवाल्यांनी नीट सांगितलं का?"

"पण का? कामून?" माझ्या तोंडून त्यांचाच शब्द निघाला.

अप्पांना माझ्या चेहऱ्याकडे बघून काहीतरी बिनसल्याचं कळलं. त्यांनी नळी खाली ठेवली. "हे बघ पोरी. ही शंभर पोती एका शेतकऱ्याची. घेनारा येतो, चार पोत्यांत नळी खुपसतो. चारी पोत्यांचा दाना एकसारखा निघाला तर मनतो, माल चांगला. एकाचा असा, एकाचा तसा निघाला तर काय म्हनेल? माल मिसळीचा हाय. भाव पडला! तू बी घराघरात नळी खुपसायलीस. मला वाटलं, दाना एकसारखा निघाला पाहिजे. न्हाईतर तुझा भाव पडंल."

त्यांनी माझं काम ज्या तऱ्हेने समजून घेतलं होतं, ते चूकही नव्हतं. प्रयोगशाळेतही नमुने जुळावे लागतातच. फक्त दाणे एकमेकांना फोन करत नाहीत.

"अप्पा, तो माल खरा असायला हवा होता. आता माझ्याकडे काहीच नाही."

"म्हंजे आमी खोटं बोल्लाव?" त्यांचा आवाज बदलला. हमाल काम थांबवून बघू लागला. "ते खोटं न्हाई. माझ्या बापाने मला असंच शिकवलं. असंच दिसावं म्हनून बसायचं असतं."

"असंच दिसावं, हे बरोबर. पण तुम्हाला काय दिसतं?"

अप्पा बराच वेळ हातातल्या दाण्यांकडे बघत राहिले. मी त्यांना दुखावलं होतं. आणि ज्याच्या घरी मी दोन दिवस जेवत होते, त्याला दुखवून मी विज्ञान करत होते, याची मला लाज वाटली.

घरी अक्कांना सगळं आधीच कळलेलं होतं. त्या भाकरी थापत म्हणाल्या, "उद्या येळवस हाय. चिंताकीला माझ्या लेकीच्या शेतात जेवायला चल. तिकडं अप्पाचा फोन चालत न्हाई. तिकडं माझं चालतंय."

चिंताकी

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. आमच्याकडे हा सण नाही, आणि आता मला त्याचं वाईट वाटतं. त्या दिवशी बसवकल्याणचा बाजार ओस पडला होता. सगळं गाव डोक्यावर टोपल्या घेऊन शेताकडे निघालेलं. आम्ही सगळे जीपमध्ये बसून भालकीवरून औरादच्या बाजूला चिंताकीला गेलो. अप्पाही होते, पुढच्या सीटवर, गप्प.

अक्कांची लेक महानंदा आणि जावई यांनी शेतात कडब्याची छोटी खोप उभी केली होती. आत चुना लावलेले पाच दगड, पांडव म्हणून पुजलेले. त्यांच्यापुढे नैवेद्य. हिरव्या ज्वारीत थंड वारा शिरला की सळसळ व्हायची. जेवायला ज्वारीच्या पिठाचं आंबट, गार आंबिल, वाटाणे-तूर-घेवड्याच्या ओल्या दाण्यांची दाट भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर. बांधावरून जाणाऱ्या कुणालाही हाक मारून बसवत होते. शेजारच्या शेतातलं तेलुगू बोलणारं कुटुंब आलं. एक शिक्षक मोटारसायकल थांबवून आले. ओळख लागायची नाही, नुसतं "या, आंबिल घ्या." आमच्याकडे लग्नाला सुद्धा पत्रिका लागते. इथे आख्खं शिवारच पंगतीला बसलं होतं. आंबिलाचा दुसरा लोटा पिताना मी क्षणभर समिती विसरले.

जेवणं झाल्यावर अक्कांनी बोरीच्या झाडाखालून एक पिकलं बोर उचललं, पदराला पुसलं आणि माझ्या डाव्या तळहातावर ठेवलं.

"तू लई इचारतीस. आता तू बस. लिंग तुला देता येत न्हाई, त्याला दीक्षा लागती. बोराला लागत न्हाई. बघ ह्याच्याकडं. मी थांब म्हनेस्तोवर."

"अक्का, पोरीचं जेवन तर जिरू द्या," अव्वा म्हणाल्या.

"जिरतंय बघता बघता."

सगळे गोल करून बसले. मी हात छातीसमोर आणला आणि बोराकडे पाहू लागले. तांबूस, एका बाजूला सुरकुतलेलं, देठाशी बारीक भोक. वारा येत होता. महानंदाच्या जाऊबाई कुजबुजत होत्या. अक्का थांब म्हणेचनात. शेवटी म्हणाल्या, "बस. आता सांग. आत काय काय झालं?"

मी घसा खाकरला. "आधी हात जड झाला. मग बोराच्या कडा जरा पुसट झाल्या. मग... फार शांत वाटलं."

"वा!" महानंदाचे मिस्टर म्हणाले. शिक्षकांनी मान डोलावली. अक्का माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"खरं?"

मी मान खाली घातली. मला माझ्याच गालांचा चटका जाणवत होता. "नाही. हात तेवढा खरंच जड झाला. बाकी सगळा वेळ, सगळे माझ्याकडे बघतायत आणि मी नीट बसलेय का, हेच डोक्यात होतं. आणि भोकात अळी आहे का, हे. आणि..."

"आणि?"

"बोर खावंसं वाटत होतं."

शेतात जो हशा उठला त्याने ज्वारीतल्या चिमण्या उडाल्या. अक्का हसत नव्हत्या. "मंग शांत वाटलं म्हनून कामून सांगितलीस?"

"तुम्ही सगळे एवढ्या प्रेमाने बसला होतात. म्हटलं, तुमची निराशा होऊ नये."

"आमी बी तेच केलाव की गं!" अव्वा एकदम म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या. "मला सांगू काय होतंय? मी लिंगाकडं बघते आन् कान चुलीवरल्या दुधाकडं. उतू जायलंय का, उतू जायलंय का. एवढंच."

"अव्वा!" शिवलीला ओरडली. "अन् आम्हाला मात्र हलू देत नाहीस!"

मग बांध फुटल्यासारखं झालं. महानंदा म्हणाली, तिला मेलेला भाऊ आठवतो, रोज, आणि त्याचं तिला बरं वाटतं, म्हणून ती बसते. तिचे मिस्टर म्हणाले, काही होत नाही, नुसतं काळं लिंग दिसतं, पण दिवस चांगला जातो. शिक्षक म्हणाले, त्यांना एकदा, फक्त एकदाच, पाहणारा आणि पाहिलं जाणारं असं वेगळं काही उरलं नव्हतं. त्यानंतर ते कितीतरी वर्षं त्याची वाट बघत बसतात आणि पुन्हा तसं होत नाही. हे ऐकून कुणी हसलं नाही. मी फोन बाहेर काढला, सगळ्यांची परवानगी विचारली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायची विनंती केली. एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

अक्कांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "माझं मी देवाला सांगते. तुला कशाला?" मी तेही तसंच नोंदवून घेतलं. माणसाला आतलं न सांगण्याचाही हक्क आहे, हे माझ्या कुठल्याच टिपणात तोवर नव्हतं.

अप्पा शेवटपर्यंत बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर जीप पाटाच्या पाण्याने झालेल्या चिखलात अडकली. सगळे उतरून ढकलू लागले, आणि चाक मोकळं झाल्यावर चिखलाचे हात गवताला पुसता पुसता ते माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, "मला भाव दिसतेत."

"काय, अप्पा?"

"लिंगाकडं बघत बसलो की भाव दिसतेत. तूर काय, सोयाबीन काय. बापाने कंदील सांगितला. मला तो कदी दिसला न्हाई. एवढी वर्षं झाली. मला वाटलं, माझ्यातच कायतरी कमी हाय. मग दुसऱ्यांना तरी कसं इचारू?" ते थांबले. "तू रेकॉर्ड करायलीस का?"

"नाही, अप्पा. फोन जीपमध्ये आहे."

"मंग जा, घेऊन ये. पुन्हा सांगतो."

पुणे

जानेवारीत मी समितीसमोर उभी राहिले. मी अप्पांची दोन्ही रेकॉर्डिंग्ज ऐकवली, आधी कंदिलाचं, मग भावांचं. ती का बदलली हे आंबिल आणि बोरासकट सगळं सांगितलं. माझं म्हणणं साधं होतं. माणूस आतलं सांगतो तेव्हा तो नुसती नोंद देत नाही, तो कुणाला तरी सांगत असतो. त्या ऐकणाऱ्याची, घराची, परंपरेची छाया त्या साक्षीवर पडते. म्हणून ती साक्ष फेकून द्यायची नाही. थर्मामीटर नव्हता तेव्हाही गरम-गार कळत होतंच, आणि पहिला थर्मामीटर बरोबर आहे की नाही हे ठरवायला आधी हाताच्या स्पर्शावर विश्वास टाकावाच लागला. मग हळूहळू हाताच्या चुका दुरुस्त झाल्या. आतल्या साक्षीचंही तसंच करायला हवं. कुठल्या अवस्थेत, कुणापुढे, कशाच्या भीतीने माणूस वेगळं सांगतो, हे शिकायला हवं.

एका बाईंनी विचारलं, "यातलं खरं कोणतं? कंदील की भाव?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, मॅडम. पण दुसरं सांगताना त्यांना काहीतरी गमवावं लागत होतं. मी त्याला जास्त वजन देते. हे वजन बरोबर दिलंय का, हेच मला शिकायचंय."

सरांनी टेबलाकडे बघत पेन फिरवलं. विषय मंजूर झाला, नाव बदलून, आणि आणखी वाचनाची अट घालून. मी बाहेर येऊन आधी वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "बरं झालं. आईला देतो." आई म्हणाली, "म्हणजे माझं डोकं खरंच दुखतंय, असं सिद्ध झालं का?" मी म्हटलं, "अजून नाही. पण आता ते खोटं म्हणायला कुणाला सोपं जाणार नाही."

मग बसवकल्याणला लावला. अप्पांनी उचलला. मागे बाजाराचा गलका होता.

"पास झाले, अप्पा."

"झालीस न्हवं! दाना जुळला न्हाई तरी?"

"न जुळल्यामुळेच."

ते हसले. मग गादीवरून उठून कुठेतरी शांत जागी गेले असावेत, कारण गलका कमी झाला. "पोरी, एक सांगतो. आज सकाळी भाव दिसले न्हाईत. कंदील बी न्हाई. कायबी न्हाई. नुसता हात दिसला. एवढी वर्षं लिंगाकडं बघायलोय, खालचा हात कदी बघितलोच न्हाई. माझ्या बापासारखा झालाय की गं. नखं, शिरा, समदं."

मी विचारलं, "अप्पा, हे मी लिहू का?"

"लिही की," ते म्हणाले. "पन एकट्याचं हाय म्हनून लिही. हुलसूरला मी कायबी सांगितलो न्हाई."